गिधाडांची वाट गोठ्यातून

जनावर मेले की ते गावाबाहेरच्या माळावर ओढून न्यायचे, कातडे सोलायचे आणि बाकीचे गिधाडांवर सोपवायचे, ही रीत जालना जिल्ह्यासह साऱ्या मराठवाड्याच्या ओळखीची. थवा उतरला की दिवस मावळायच्या आत बैलाचा नुसता सापळा उरे. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. एवढे मोठे काम हा पक्षी फुकट करत होता आणि त्याची किंमत तो दिसेनासा झाल्यावरच कळली. आता अशा माळांवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या दिसतात.

१९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे मान टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली आढळू लागली. पुढच्या गणनांनी चित्र स्पष्ट केले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, तर लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. हजार होती तिथे एक उरले. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट जगातील फार कमी पक्ष्यांच्या वाट्याला आली आहे.

आधी संशय साथीच्या रोगावर होता. उत्तर २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून मिळाले. लंगडणाऱ्या, तापलेल्या किंवा कास सुजलेल्या जनावराला दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक या घटीला कारण होते. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच काळात जनावर दगावले, तर औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातले युरिक आम्ल वाढते, यकृतावर आणि हृदयावर त्याचा पांढरा थर बसतो आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. गिधाडे घोळक्याने जेवतात, त्यामुळे एकच मढे कित्येकांना पुरते. मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिती अभ्यासाने दाखवले. शेतकऱ्याने औषध दिले ते जनावर वाचावे म्हणून. हा पक्षी त्या औषधाने मरेल, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. त्याच सुमारास गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम पुढे आले. टॉल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित ठरले. मात्र माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित केले गेले. २०२३ मध्ये जनावरांसाठीचे किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही बंद झाले. हे निर्णय योग्यच होते, पण त्यांना फार उशीर झाला.

गिधाडांची वाढ अतिशय मंद असते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. म्हणूनच हरियाणातील पिंजोरच्या जटायू प्रजनन केंद्रात बंदिस्त जोड्यांपासून पैदास करावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये तिथून वीस गिधाडे महाराष्ट्रात आली. त्यांतली लांब चोचीची दहा पेंचमध्ये, तर पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा ताडोब्याच्या बोटेझरीत ठेवली गेली. त्यांना लगेच सोडता येत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला वारा, ऊन आणि परिसर ओळखीचा व्हावा लागतो, पंखांत बळ यावे लागते. म्हणून जंगलातल्याच मोठ्या पिंजऱ्यात काही महिने काढल्यावर, पाठीवर उपग्रह टॅग लावून त्यांना मोकळे केले. सोडलेल्यांपैकी काही दगावली, तर ताडोब्याचे एक गिधाड उडत उडत थेट तामिळनाडूत पोहोचले.

त्या एका उड्डाणातून जालन्याचाही या गोष्टीशी संबंध उघड होतो. जिल्ह्यात जंगल नाममात्र आहे. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगांचा शेजार आहे, दक्षिणेला गोदावरी आणि मध्ये बहुतेक शेती. इथे गिधाडे सोडण्याचे केंद्र व्हावे अशी जागा नाही. पण ताडोब्याहून जालना तामिळनाडूच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे, म्हणजे तिथली गिधाडे इथवर येऊ शकतात. गिधाडांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश घातक औषधांपासून मुक्त हवा, असे संवर्धनात मानले जाते. एवढ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे जालन्यासारखे चार जिल्हे. असा प्रदेश कुंपण घालून राखता येत नाही. प्रत्येक गावच्या गोठ्यात कोणते इंजेक्शन दिले जाते, यावरच तो राखला जाईल की हातचा जाईल, हे ठरते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया कोंडोरचा अनुभवही हेच सांगतो. १९८७ पर्यंत जगात उरलेले सर्व २७ कोंडोर बंदिस्त करून त्यांची पैदास केली गेली आणि १९९२ पासून ते परत सोडले गेले. पण शिकाऱ्यांच्या गोळ्यांतले शिसे मढ्यांतून त्यांच्या पोटात जातच राहिले आणि सोडलेले पक्षीही त्या विषाने मेले. आपल्याकडे शिशाच्या जागी औषध आहे.

महाराष्ट्रात काही ठिकाणी याला उत्तर म्हणून गिधाडांची उपाहारगृहे चालवली जातात. नाशिकच्या हरसूल भागातील खोरीपाडा आणि गडचिरोलीतील काही गावे ही त्याची उदाहरणे. जनावर मेल्याची वर्दी आली की त्याला कोणते औषध दिले होते, हे आधी विचारले जाते आणि खात्री पटल्यावरच ते ठरलेल्या जागी टाकले जाते. यासाठी पिंजरा लागत नाही, उपग्रह टॅगही नाही. जालन्यात सुरुवात करायची झाली, तर ती दुकानात डायक्लोफेनॅकऐवजी मेलॉक्सिकॅम मागणाऱ्या शेतकऱ्यापासून आणि तेच लिहून देणाऱ्या पशुवैद्यकापासून होऊ शकते.