पडद्यावरची बाग, कुंडीतली माती

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनहून सुरू झाली आणि त्याच महिन्यात तिच्यावर बागकामाचा पहिला कार्यक्रम झाला. रेडिओवर लोकप्रिय असलेले सी. एच. मिडलटन अलेक्झांड्रा पॅलेसच्या आवारात कॅमेऱ्यासमोर उभे राहून वाफे कसे करावेत ते सांगू लागले. बागेला पडद्यावर इतक्या लवकर जागा मिळाली, याचे नवल वाटायला नको. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमधल्या शहरांभोवती परसदार असलेली लाखो घरे उभी राहिली होती. त्या परसात काय करायचे, हे सांगणारा कोणीतरी हवाच होता.

गेली काही वर्षे मी या ब्रिटिश कार्यक्रमांचे मिळतील तेवढे भाग पाहत, टिपणे काढत आलो आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, एवढाच अधिकार. या कार्यक्रमांतून फुलझाडांची नावे शिकता येतात, छाटणीही शिकता येते. पण प्रेक्षकाच्या घरात खरोखर काय बदलले ते पाहायचे तर झाडाच्या खाली, मातीकडे बघावे लागते, असे माझे मत झाले आहे.

‘गार्डनर्स वर्ल्ड’ ही मालिका जानेवारी १९६८मध्ये बीबीसी-२वर सुरू झाली. त्या वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तोवर गुलाबही करडाच दिसत असे! पर्सी थ्रोअर हे तिचे सुरुवातीच्या काळातले प्रमुख निवेदक. बाग नीटनेटकी हवी आणि किडीला औषध हवे, हा त्या पिढीचा सरधोपट विचार. १९७६ साली आयसीआय या रसायन कंपनीच्या जाहिरातींत काम केले म्हणून बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून काढले. सल्ला देणारा आणि माल विकणारा यांच्यात अंतर असावे, हा मुद्दा तिथे इतक्या उघडपणे पुढे आला. आज फोनवर ‘हेच खत वापरा’ सांगणारे व्हिडिओ पाहताना मला तो हटकून आठवतो.

त्यांच्यानंतरच्या काळात जेफ हॅमिल्टन आले. १९७९पासून १९९६मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कार्यक्रमात होते. रटलंडमधल्या बार्न्सडेलला त्यांनी सामान्य घराच्या परसाएवढ्या छोट्या-छोट्या बागा उभ्या केल्या. विकत घ्यायची वस्तू घरी कमी पैशांत कशी बनवता येईल, हे दाखवण्याची त्यांना भारी हौस. मला हा माणूस सगळ्यांत जवळचा वाटतो, पण त्याचे कारण पीट.

पीट म्हणजे दलदलीत शेवाळ वगैरे वनस्पती अर्धवट कुजून साठलेला थर. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे लागतात. हलका, पाणी धरणारा, तणाच्या बिया नसलेला. कुंडीसाठी याहून सोयीचा पदार्थ मिळणे कठीण. १९७०च्या दशकात पीट भरलेल्या पिशव्या बाजारात आल्या. पिशवी फाडायची, त्यातच टोमॅटो लावायचा. ज्याला परसही नाही त्याला यामुळे बाग मिळाली, हे खरेच. पण दलदली खरवडल्या जाऊ लागल्या. त्यांतले जीवन गेले, साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला. हॅमिल्टन यांनी पीट वापरणे थांबवले आणि लोकप्रिय कार्यक्रमाच्या बळावर त्याविरुद्ध बोलत राहिले. पीटची सवय मात्र सहज सुटली नाही. इंग्लंडमध्ये घरगुती बागेसाठी पीट विकण्यावर बंदी घालण्याचा इरादा सरकारने जाहीर केला तो २०२२ साली.

मधल्या काळात ‘ग्राउंड फोर्स’ येऊन गेली (१९९७ ते २००५). अ‍ॅलन टिचमार्श, चार्ली डिमॉक आणि टॉमी वॉल्श दोन दिवसांत कुणाच्या तरी नकळत त्याच्या परसाचा कायापालट करत. लाकडी फळ्यांची जमीन, छोटे कारंजे, तयार वाढलेली झाडे. करमणूक म्हणून उत्तम. पण बी रुजायला लागणारे दिवस त्यात कुठेच नव्हते.

पीटला पर्याय म्हणून तिकडे जे पदार्थ आले, त्यांत आपल्या ओळखीचा एक आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे कोकोपीट. दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून तो विटांसारखा दाबून युरोपात जातो. ‘पीट’ हे नाव त्याला तिकडूनच चिकटले आणि त्याच नावाने तो पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत आपल्यालाही विकला जातो. कोकणात सोडणे माडाच्या बुंध्याशी आळ्यात पुरण्याची रीत जुनीच. तिला असे भारदस्त नाव नव्हते. कोकोपीट पाणी छान धरते, पण त्यात अन्न जवळजवळ नसते आणि क्षार बरेच असू शकतात. तेव्हा वीट भिजवून दोन-तीनदा धुवावी, पाणी निथळू द्यावे आणि शेणखत किंवा घरचे कंपोस्ट बरोबरीने मिसळावे. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली मिरची महिन्याभरात पिवळी पडते ती उपाशी असते म्हणून.

मुंबई दूरदर्शनवरचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता. त्यातली भाषा एकराची. कुंडीवाल्याने आपल्यापुरते उचलायचे. पण त्यातले ऊन आणि पाऊस आपले होते. इंग्रजी कार्यक्रमात ‘पूर्ण ऊन’ म्हणतात ते साधारण बावन्न अक्षांशावरचे. आपल्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी त्याच सल्ल्याने हायड्रेंजिया करपतो. तिथला शत्रू हिमकडा, म्हणून काचघर. इथे लागते ती हिरवी जाळी. मॉन्टी डॉन यांच्या लाँगमेडोच्या बागेतून शुक्रवारी संध्याकाळी या शनिवार-रविवारी करायची कामे सांगितली जातात. त्या यादीतला विचार घ्यावा, तारीख घेऊ नये. तिकडे टोमॅटोचे रोप उघड्यावर लावायला मे संपत येतो, तेव्हा आपण पावसाची वाट पाहत कुंड्या सावलीत सरकवत असतो.

ती मालिका साधारण मार्चमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, बाग झोपी जाते म्हणून, रजा घेते. आपल्याकडे तेव्हा पाऊस सरलेला असतो, शेवंतीला कळ्या धरलेल्या असतात आणि मेथी, पालक, मुळा, फुलकोबी, टोमॅटो या सगळ्यांना हवी तशी हवा पडू लागलेली असते. हा अंक हाती येईल त्या आठवड्यात मेथी पेरली तर महिन्याभरात पहिली भाजी होते.