करडाचा रक्ताचा रिपोर्ट आला? आधी वय बघा, मग आकडे



मागच्या श्रावणात बदलापूरकडच्या एका सभासदाने ग्रुपवर दोन करडांच्या रक्ताचे रिपोर्ट टाकले. एक करडू २० दिवसांचं, दुसरं साडेतीन महिन्यांचं. दोघांचंही हिमोग्लोबिन ७.२. दोन्ही आकड्यांपुढे लाल अक्षरात 'कमी' असा शेरा. सभासदाचा प्रश्न एकच होता, "दोघांनाही लोहाचं इंजेक्शन आणि जंताचं औषध देऊन टाकू का?"

डॉक्टरांनी दोन्ही करडं पाहिली. लहान करडू आईला लुचत होतं, उड्या मारत होतं. त्याला काहीच दिलं नाही. मोठं करडू कळपाच्या मागे राहत होतं आणि पापणी आतून फिकट होती. त्याच्या लेंड्या तपासल्या तर जंतांची अंडी भरपूर. त्याला लगेच उपचार लागला.

आकडा एकच, पण अर्थ दोन. का? कारण करडाचं रक्त वयाप्रमाणे बदलतं. आजचा मेसेज त्यावरच आहे. थोडा मोठा आहे, पण करडं असलेल्या प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचा.

*१) रिपोर्टवरचा 'नॉर्मल' कोणाचा आहे?*

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात माणसांच्या लॅब गल्लोगल्ली आहेत. जवळ म्हणून कोणी कोणी करडाचं रक्त तिथेच देतात. तिथे रिपोर्टवर माणसाचा नॉर्मल छापून येतो. पुरुषाचं हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७ असतं. मोठ्या निरोगी शेळीचं मात्र ८ ते १२ असतं. म्हणजे ठणठणीत शेळीही त्या कागदावर आजारी दिसणार.

दुसरी अडचण मशीनची. शेळीची तांबडी पेशी माणसाच्या पेशीच्या जेमतेम निम्मी असते. माणसांसाठी लावलेलं मशीन तिला धड मोजत नाही. त्यामुळे जनावरांचं रक्त जनावरांच्याच लॅबमध्ये गेलं पाहिजे. आपल्याला लोकलने जाता येईल अशी जुनी संस्था म्हणजे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सन १८८६ पासूनचं. नमुना कुठे आणि कसा पाठवायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि लॅब जनावरांची असली तरी छापलेला नॉर्मल बहुतेक वेळा मोठ्या शेळीचा असतो. करडाचा नाही. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर करडाचं वय दिवसांत लिहा. नुसतं 'लहान आहे' असं लिहून चालणार नाही.

*२) पहिला दिवस: रक्तात ताकद येते ती चिकातून*

माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. करडाला तसं मिळत नाही. शेळीची वार ती द्रव्यं पुढे जाऊ देत नाही. जन्मलेल्या करडाच्या रक्तात ती जवळपास शून्य असतात. सगळी भिस्त चिकावर.

करडाचं आतडं ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं, पण फार थोडा वेळ. पहिल्या काही तासांत सर्वात जास्त, मग कमी कमी होत जातं आणि साधारण २४ तासांनी दार बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, पण रक्तात ताकद पोचवत नाही.

👉 हिशोब सोपा आहे: पहिल्या २४ तासांत वजनाच्या १० टक्के चीक. २ किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. पहिली पाजणी जन्मल्यापासून तासा-दोन तासांच्या आत. रात्री व्यालेल्या शेळीचं करडू सकाळी बघू म्हणून सोडू नका. जुळं-तिळं असेल तर अशक्त करडाला धरून पाजा.

चीक पोचला की नाही हे रक्तातल्या एकूण प्रथिनांवरून कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती साधारण साडेपाच ग्रॅमच्या वर असली तर बरं. त्याच्या बरीच खाली असली तर त्या करडाकडे पुढचे दोन महिने जास्त लक्ष ठेवा. हगवण आणि न्यूमोनिया आधी अशाच करडांना गाठतात.

*३) जन्माच्या वेळचे हार्मोन*

शेळी कधी विणार याचा इशारा शेळीकडून नाही, पोटातल्या करडाकडून येतो. दिवस भरले की करडाच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याच्यामुळे पुढे कळा सुरू होतात. त्यामुळे जन्मलेल्या करडाच्या रक्तात कॉर्टिसॉल चढलेलंच असतं. त्याच कारणाने एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल) जास्त दिसतात. पुढे हे प्रमाण उलटतं आणि मोठ्या शेळीप्रमाणे लिम्फोसाइट पेशी जास्त होतात.

थायरॉईडचे हार्मोनही जन्मल्यावर लगेच सर्वात जास्त असतात, नंतरच्या आठवड्यांत उतरतात. ते अंगात ऊब तयार करायला लागतात. आईच्या पोटातल्या उबेतून ओल्या गोठ्यात आलेल्या दोन किलोच्या जिवाला ती ऊब हवीच. पण या उबेला इंधन लागतं आणि ते इंधन म्हणजे पुन्हा चीक. म्हणून करडू आधी कोरडं पुसा, मग पाजा. गोणपाटावर किंवा पेंढ्यावर ठेवा. ओल्या फरशीवर नको.

*४) दुसरा ते चौथा आठवडा: हिमोग्लोबिन उतरतं, घाबरू नका*

जन्मताना रक्त दाट असतं. चीक प्यायल्यावर रक्तातलं पाणी वाढतं, रक्त पातळ होतं. पोटात असतानाचं हिमोग्लोबिन जाऊन नवीन यायला वेळ लागतो. त्यात करडू झपाट्याने वाढतं आणि दुधात लोह फारच कमी. या सगळ्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत आकडा खाली येतो. करडू पाला चघळायला लागलं की महिन्याभरानंतर सावकाश वर चढतो.

२० दिवसांच्या त्या करडाचं ७.२ हे असं होतं. खेळतंय, लुचतंय, वजन वाढतंय, तर लोहाचं इंजेक्शन मनाने देऊ नका. जास्त लोह करडाला बाधतं, प्रसंगी जिवावर बेततं.

मात्र याच वयात करडू मलूल असेल, अंगावर उवा-गोचीड असतील किंवा हगवण असेल तर वयाचं कारण सांगून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण (कॉक्सिडिया) सुरू होऊ शकते. तिला जंताचं औषध चालत नाही, तिचं औषध वेगळं असतं.

*५) पहिला ते तिसरा महिना: साखर उतरते, हाडं वाढतात*

दुधावरच्या करडाच्या रक्तात साखर जास्त असते. मोठ्या शेळीत ती साधारण ५० ते ७५ असते. करडू रवंथ करायला लागलं, कोठीपोट कामाला लागलं की ताकद चाऱ्यापासून बनणाऱ्या आम्लांतून मिळते आणि साखरेचा आकडा उतरतो. हे चांगलं लक्षण आहे. १५ दिवसांपासून थोडा कोवळा पाला आणि खुराक पुढे ठेवला की हा बदल वेळेवर होतो.

याच काळात रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज आणि फॉस्फरस 'जास्त' दिसतात. मोठ्या जनावरात फॉस्फेटेज वाढलं तर डॉक्टर लिव्हरकडे बघतात. करडात ते बहुतेक वेळा हाडं वाढत असल्यामुळे जास्त असतं. लिव्हरचं टॉनिक आणायला धावू नका.

*६) तिसरा महिना आणि पावसाळा: आता मात्र आकडा गंभीरपणे घ्या*

या वयात हिमोग्लोबिन वर चढायला हवं. ते उतरत असेल तर वयाची सबब चालणार नाही. आपल्याकडे पहिला संशय जंतांचा, खास करून पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंताचा. दुधावरच्या करडाला तो सहसा नसतो, कारण तो गवतावरून पोटात जातो. मलंगगडाच्या पायथ्याला, बारवीच्या बाजूला, वांगणीच्या माळावर जून-जुलैत ओलं कोवळं गवत आलं की तो जोर धरतो.

हिशोब बघा. असा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. ५०० जंत म्हणजे रोज २५ मिली. ८ किलोच्या करडाच्या अंगात सगळं मिळून रक्त साधारण ५५० ते ६०० मिली. चार दिवसांत १०० मिली गेलं! म्हणूनच "काल चरत होतं, आज पडलं" असं होतं.

👉 रोज लॅब शक्य नाही, पण पापणी फुकट बघता येते. दर १५ दिवसांनी उजेडात खालची पापणी उलटून बघा. लाल-गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर करडाच्या बाबतीत तेव्हाच डॉक्टरांना विचारा. पांढरट असेल तर त्याच दिवशी उपचार. रंग जुळवायचं पाच छटांचं कार्ड मिळतं, ते दक्षिण आफ्रिकेत तयार झालं. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली तर रक्तातलं प्रथिनही गेलं असं समजा आणि थांबू नका.

जंताचं औषध वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या. अंदाजाने कमी मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

आईकडून मिळालेली ताकदही तिसऱ्या महिन्यापर्यंत संपत येते. पीपीआरची लस तीन महिन्यांनंतर देतात ती यासाठीच. त्याआधी दिली तर आईची द्रव्यं तिला नीट काम करू देत नाहीत. आंत्रविषाराची लस पावसाआधी झाली पाहिजे.

*७) तीन ते आठ महिने: नर-मादी वेगळे करा*

बोकडाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन दोन-तीन महिन्यांपासून चढायला लागतं. चार-पाच महिन्यांचं नर करडू पाट गाभण करू शकतं. पाटीला पहिला माज बहुतेक वेळा सहा ते आठ महिन्यांत येतो, चांगल्या खुराकावर आधीही येतो. एकाच गोठ्यात भाऊ-बहीण असतील तर काय होतं ते सांगायला नको. पाटीची वाढ खुंटते, करडं कमजोर होतात, विताना अडते.

👉 तिसरा महिना भरला की नर वेगळे. पाट वयावर नाही, वजनावर भरवा. मोठ्या शेळीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश झाल्यावरच.

*८) रक्त घेताना हे सांभाळा*

✅ करडू पळवून, दमवून रक्त घेऊ नका. कुत्र्याला घाबरलं, टेम्पोतून आणलं तरी कॉर्टिसॉल आणि साखर चढते. आधी थोडा वेळ शांत ठेवा.
✅ साखर बघायची तर वेगळी नळी लागते. साध्या नळीत रक्त तासन् तास राहिलं तर पेशीच साखर खातात आणि आकडा खोटा कमी येतो.
✅ नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, जोरात हलवू नका. थंड डब्यात ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. त्याच दिवशी पोचवा.
✅ चिठ्ठीवर वय, नर/मादी, दूध चालू की बंद, जंताचं औषध कधी दिलं हे लिहा.
✅ जमलं तर त्याच वयाच्या निरोगी करडाचाही नमुना द्या. तुमच्या गोठ्याचा 'नॉर्मल' तोच.

*थोडक्यात:* २० दिवसांच्या खेळत्या करडाचं ७.२ म्हणजे वाट बघा. साडेतीन महिन्यांच्या मलूल करडाचं ७.२ म्हणजे आजच डॉक्टर. औषध आकड्याला नाही, करडाला द्यायचं असतं.

आजपासून एक काम करा. प्रत्येक करडाची जन्मतारीख वहीत किंवा गोठ्याच्या खांबावर खडूने लिहा. तारीख नसेल तर महागडा रिपोर्टही अर्धाच कळतो.

अडचण आली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा असेल तर सोबत करडाचं वय आणि पापणीचा फोटो जरूर टाका.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या शेजारच्या शेळीपालकांना हा मेसेज वाचून दाखवा. 🐐

आपली शेतकरी उत्पादक कंपनी