व्लामँकची सेन नदी, आपल्या कॅनव्हासवर

तैलरंग शिकायला नक्कल करायची तर बहुतेक जण रेम्ब्रांटकडे वळतात. मी नवशिक्याला मॉरिस द व्लामँक सुचवेन. त्याचं १९०६ मधलं शातू गावाजवळच्या सेन नदीचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे: डावीकडे लाल-नारिंगी झाडं, पलीकडे निळं-पांढरं पाणी, पैलतीरावर लाल छपरांची घरं. आदल्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनातल्या भडक रंगांमुळे मातिस, देरें आणि व्लामँक ‘फोव्ह’ चित्रकार म्हणून गाजले होते. रेम्ब्रांटचे थर एकाखाली एक दडलेले असतात. इथे फटकारा कुठे टेकला आणि कुठे उचलला, हे उघड दिसतं. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

मूळ चित्र साधारण ८३ बाय १०२ सेंटिमीटरचं आहे. १६ बाय २० इंचांच्या कॅनव्हासशी त्याचं प्रमाण जवळपास जुळतं. रेखाटन कोळशाने करू नका, त्याची भुकटी पिवळ्यात मिसळून रंग मळवते. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या निळ्याने चार रेषा मारल्या तरी पुरे. पॅलेटवर पांढरा, कॅडमियम पिवळा आणि लाल, कोबाल्ट, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन एवढेच रंग घ्या. काळा आणि तपकिरी काढूच नका.

आधी झाडांचा लाल आणि छपरं, मग पाणी. पिवळा आणि पांढरा सर्वांत लवकर मळतात, म्हणून प्रत्येक भागात ते शेवटी.

खरी परीक्षा पाण्यात आहे. चपट्या, राठ केसांच्या ब्रशवर ट्यूबमधला कोबाल्ट भरपूर घ्या, आडवा टेकवा, बोटभर ओढा आणि उचला. त्यावरून पुन्हा हात फिरवायचा नाही. ब्रश चिंधीने पुसून पांढरा घ्या आणि शेजारी ठेवा, पण मध्ये केसाएवढा कोरा कॅनव्हास राहू द्या. ती फट बुजवायचा मोह प्रत्येकाला होतो. बुजवली की दोन ओले रंग एकमेकांत शिरतात, फिकट निळा लगदा होतो आणि पाणी थांबतं. लाल-हिरव्याचंही तेच: शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात, कालवले तर मातकट करडे होतात. म्हणून या पद्धतीत ब्रशपेक्षा चिंधी जास्त चालते.

दुरुस्ती हवी असेल तर वर रंग चढवू नका. पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडून पुन्हा एकदाच टेकवा.

मग मूळ चित्राचा आणि तुमच्या नकलेचा फोनवर कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा. रंग गेल्यावर काय उरतं ते पाहा. खोड आणि पाणी फक्त लाल-निळ्यामुळे वेगळी दिसत होती, की उजेड-अंधारामुळेही, हे इथे कळतं. रंगांकडे पाहायची माझी नजर या एका तपासणीने बदलली.

तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड फटकाऱ्यांवर आधी साय धरते आणि आत रंग महिनोन्‌महिने मऊ राहतो. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनचा, पातळ आणि कमी तेलाचा, वरचा जाड. उलट केलंत तर तडे जातात. व्हार्निशची घाई नको.

कॅनव्हासच्या पाठीमागे मात्र लगेच लिहा: ‘व्लामँकच्या चित्राची नक्कल’, खाली तुमचं नाव आणि तारीख.