भक्ष्य, भक्षक आणि गणित

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४-१८) एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी फार मंदावली. पुढे उम्बेर्तो द'अंकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने तेथील मासळीबाजारांच्या नोंदी तपासल्या. फ्यूमे बंदरात मुशी, पाकट इत्यादी भक्षक माशांचे प्रमाण १९१४ साली सुमारे १२ टक्के होते. ते १९१८ साली ३६ टक्क्यांवर गेले आणि १९२३ पर्यंत पुन्हा ११ टक्क्यांच्या आसपास उतरले. जाळी थांबल्याचा लाभ सर्वच माशांना व्हावयाचा. मग तो भक्षकांनाच अधिक का व्हावा?

हा प्रश्न त्याने वीतो व्होल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवला. व्होल्तेराने १९२६ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. तीच समीकरणे आल्फ्रेड लोटका याने अमेरिकेत १९२५ साली स्वतंत्रपणे मांडली होती. त्यांचा आशय साधा आहे. भक्ष्य आपल्या संख्येच्या प्रमाणात वाढते. भक्षक अन्नावाचून आपल्या संख्येच्या प्रमाणात घटतो. दोघांच्या गाठी पडतात त्या त्यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. त्यांत भक्ष्याची हानी व भक्षकाची वृद्धी होते. भक्ष्य वाढले की मागोमाग भक्षक वाढतो. भक्षक वाढला की भक्ष्य घटते. मग उपासमारीने भक्षकही घटतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते.

खरे मर्म पुढेच आहे. भक्षक टिकून राहावयाचा तर त्याचे मृत्यू भरून निघतील इतके भक्ष्य सरासरीने असावेच लागते. मासेमारीने भक्षकांचे मृत्यू वाढतात. म्हणून भक्ष्याची ही सरासरी चढते. उलटपक्षी, भक्ष्याचा वृद्धिवेग मंदावल्याने ते पूर्वीइतके भक्षक पोसू शकत नाही. म्हणजे दोघांनाही सारखेच पकडले, तरी मासेमारी बेताची असल्यास भक्ष्याचे फावते!

हा न्याय केवळ समुद्रापुरता नाही. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागांवर पडलेली खवले कीड १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी आटोक्यात ठेवली होती. पुढे १९४० नंतरच्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली. तीत हे ढालकिडेच अधिक मेले, आणि कीड पुन्हा बोकाळली. शत्रू व मित्र या दोहोंवर पडणारे औषध शत्रूच्याच पथ्यावर पडते, हे शेतकऱ्याने जाणले पाहिजे.

ही समीकरणे निसर्गाचे संपूर्ण चित्र नव्हेत. भक्ष्याला अन्नाची कधीच वाण पडत नाही, असे त्यांत गृहीत धरले आहे. तथापि साध्या तर्काला उलट वाटणारे सत्य त्यांनी दाखविले. गणित म्हणजे केवळ हिशेब, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आम्हां शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य ठेवावे.