घड्याळाला उपग्रहाची शिस्त

खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाला तेवढा पुरतो, त्याची वारंवारता लगेच सरकते. म्हणून कॅलिब्रेशन प्रयोगशाळेच्या संदर्भयंत्रात तो छोट्याशा तापवलेल्या डबीत, एकाच तापमानाला ठेवतात. तरी वयोमानाने तो ढळतोच.

जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळं असतात, पण त्यांचा संकेत आपल्यापर्यंत येताना काही नॅनोसेकंद डळमळतो. स्फटिक सेकंदभर भरवशाचा, उपग्रह दिवसभर. दोघांची सांगड घातली, की १० मेगाहर्ट्झची वारंवारता दिवसाच्या सरासरीत लाख कोटीत एका भागाच्या आसपास अचूक मिळते. उपग्रहाच्या आधारे स्फटिक दुरुस्त करायचा, पण खरं कसब या दुरुस्तीच्या संथपणात आहे. घाई केली तर उपग्रहाची थरथर स्फटिकात शिरते.

अँटेना तुटली, तर यंत्र एकट्या स्फटिकावर चालतं. म्हणून कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी उपग्रहाशी जोडणी आहे ना, हे पाहायलाच हवं.