या खात्यातून त्या खात्यात

गेल्या वर्षी गणपती गेले आणि पुढच्याच रविवारी माझी भाची सकाळी सकाळी दारात उभी. हातात फाइल. बँकेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली, पण नातेवाइकांच्या लेखी मी अजून कर्ज विभागातच बसते. कुणाचे गृहकर्ज, कुणाच्या गाडीचे हप्ते, सगळ्यांचे कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर येतात. मी चष्मा लावला. वैयक्तिक कर्ज, दोन लाख रुपये, छत्तीस हप्ते. कशासाठी, असे विचारले तर म्हणाली, "मावशी, तू आधी व्याज बघ. कारण मग सांगते."

कारण तिच्या डोक्यावरच होते. तिला केस लावून घ्यायचे होते. हेअर ट्रान्सप्लांट.

मुलगी सत्तावीस वर्षांची, शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी. केस मात्र लहानपणापासून बारीक आणि विरळ. भांग पाडला की मधली पांढरी रेघ जरा जास्तच रुंद दिसते. लग्नाचे बघणे चालू होते. एका मुलाच्या आईने फोनवर विचारले होते, "केस पहिल्यापासूनच असे आहेत, की मध्ये काही आजारपण झालं होतं?" हे तिने मला सांगितले तेव्हा ती हसत होती. पण फाइलची दोरी तिने बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरे पडले होते.

"रूपात काय आहे गं," हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, कारण ते म्हणायचा अधिकार मला नाही.

आमच्या माहेरच्या बायकांचे केस मुळातच पातळ. शाळेत माझ्या वेणीला 'उंदराची शेपटी' म्हणत. आवळेल, माका, जास्वंद, ब्राह्मी, जे कुणी सांगेल ते तेल डोक्यावर ओतले. तेवढ्या तेलात एखादे लग्नकार्य पार पडले असते. तेल चोळायला बसायची ती आमची आत्याआजी. लहानपणीच विधवा झालेली. डोक्यावरचा लाल आलवणाचा पदर एका हाताने सावरत ती दुसऱ्या हाताने माझ्या डोक्याला तेल चोळायची आणि म्हणायची, "येतील हो, येतील." तिच्या स्वतःच्या डोक्यावर काय होते आणि काय नव्हते, याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षांनी केला.

बँकेत लागले तेव्हा मी गंगावन घालू लागले. अकरा वर्षे घातले. एकदा लेजरच्या कपाटाच्या दारात त्याचे टोक अडकले. मी तरातरा पुढे गेले आणि गंगावन मागे राहिले. सगळी शाखा एकाएकी आपापल्या कामात बुडून गेली. संध्याकाळी आमच्या शिपायाने ते जुन्या व्हाउचरच्या कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाई, तुमचं काहीतरी पडलं होतं." त्या माणसाइतका सभ्य माणूस मी नंतर फारसा पाहिला नाही. तर अशा बाईने भाचीला कोणत्या तोंडाने उपदेश करावा?

मी म्हटले, "व्याज मग बघू. आधी तो दवाखाना दाखव."

दवाखाना चकचकीत होता. कोट घातलेल्या एका मुलीने आमच्यापुढे सरबत ठेवले, भाचीच्या कपाळावर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि दोन हजार ग्राफ्ट लागतील असे सांगून टाकले. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो होते. मी सवयीने मोजले. चौदाच्या चौदा पुरुषांचे. डॉक्टर कुठे आहेत विचारले, तर ते शस्त्रक्रियेच्या दिवशी भेटतात म्हणे. कर्जदाराला न पाहता कर्ज मंजूर करणारा एक मॅनेजर मी पाहिला आहे. त्याचे पुढे काय झाले ते इथे सांगत नाही.

बाहेर पडल्यावर मी तिला ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. केस लावण्याचे काम त्या स्वतः करतात, म्हणून मुद्दामच. भाचीला वाटले, मावशी मोडता घालायला नेते आहे. खरे सांगायचे तर तसे थोडे होतेही.

डॉक्टरबाईंनी भांगाकडे ओझरतेच पाहिले आणि तिला पाठ करून बसायला सांगितले. भिंग बसवलेले एक छोटे यंत्र घेऊन त्या मानेच्या वरचा भाग, कानामागचा भाग इंचाइंचाने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढे किती कमी आहे ते नंतर. मागे शिल्लक किती, ते आधी."

मग त्यांनी जे सांगितले ते माझ्यासारख्या बँकवालीला लगेच कळले. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकट उचललेला पुंजका. तो डोक्याच्या मागून काढायचा आणि पुढे रोवायचा. नवा केस त्यात एकही तयार होत नाही. आमच्याकडे याला ट्रान्सफर व्हाउचर म्हणत. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. बँकेच्या एकूण ठेवी रुपयानेही वाढत नाहीत.

पुरुषांना हे सोयीचे पडते, कारण त्यांचे टक्कल बहुधा पुढून आणि टाळूवरून पसरते. मागची झालर शाबूत राहते. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या डॉक्टरने १९५२ मध्ये मागचे केस पुढे लावून पाहिले. ते नव्या जागीही मूळच्या जागेचाच स्वभाव धरून राहतात, गळत नाहीत, हे त्याने १९५९ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. हा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, जपानच्या ओकुडा या डॉक्टरने भाजलेल्या आणि व्रण पडलेल्या जागांवर केस लावले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते जगाच्या ध्यानातच आले नाही.

बायकांचे गणित वेगळे. एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये स्त्रियांच्या केसगळतीच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्यात कपाळाची कड तशीच राहते आणि भांग रुंदावत जातो. अनेकींच्या बाबतीत ही विरळाई मागेपर्यंत पसरलेली असते. म्हणजे ज्या खात्यातून काढायचे तेही खाते रिकामेच. तिथून दोन हजार पुंजके उचलले तर मागे उघडे पडणार, आणि पुढे लावलेले बारीक केस मनासारखे भरणार नाहीत. शिवाय रोवताना आजूबाजूच्या केसांना धक्का बसून त्यातलेही काही गळतात. ते बहुतेक परत येतात, पण आधीच अशक्त असलेले येतीलच असे नाही.

"म्हणजे बायकांनी करूच नये का?" भाचीने जरा तोडूनच विचारले.

तसे नाही. वर्षानुवर्षे केस ओढून बांधल्याने कानशिलावरचे गेलेले, जन्मतः कपाळ फार मोठे असलेले, भाजल्याचा किंवा टाक्यांचा व्रण असलेला, आणि मागे भरपूर शिल्लक असलेली. अशांना उत्तम गुण येतो. मला आमच्या शाखेतली कॅशिअर आठवली. लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने तिच्या कानशिलावर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. केस लावल्यावर काही आठवड्यांत ते सगळे गळाले आणि ती रडली. मग चौथ्या महिन्यापासून मुळे फुटू लागली आणि वर्षभरात तिने पहिल्यांदा केस मागे घेऊन अंबाडा घातला. आपल्याकडे हे काम कुणी करावे याचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये घालून दिले आहेत. व्हिडिओ पाहून शिकलेले चालणार नाही, असे त्यात लिहावे लागले, यावरून काय ते समजावे.

भाचीच्या मागच्या केसांबद्दल डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. "आज मी तुला हात लावणार नाही. पैसे मिळतील मला, पण तू दोन वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसशील."

रिक्षात ती रडली. मग माझ्यावर चिडली. "तुला गंगावन चाललं, मला हे का नाही?" मला उत्तर सुचले नाही. तिचा हात धरावा असे वाटले, पण फाइल दोघींच्या मध्ये होती.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, शरीरातला लोहाचा साठा कमी. त्याच्या गोळ्या आणि डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल सुरू झाले. मुळात हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली म्हणून डॉक्टरांचे लक्ष गेले आणि अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी, १९९१ मध्ये बायकांसाठी केसांचे औषध म्हणून त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला उलट जास्तच गळते, सोडले की आलेले जाते, आणि दिवस राहायचा विचार असेल तर बंद करावे लागते. ही शेवटची गोष्ट डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितली. शेपटा येईल असे कुणीही म्हटले नाही. भांग थोडा अरुंद होईल, एवढेच.

कर्जाचे कागद माझ्या कपाटात आहेत. तिने परत मागितले नाहीत, मीही फाडलेले नाहीत. त्या फोनवाल्या बाईंना तिने स्वतःच कळवले की केस पहिल्यापासूनच असे आहेत, आणि तिचे म्हणणे नाही असे आहे.

दर महिन्याच्या पंधरा तारखेला ती येते. आमच्या पूर्वेच्या खिडकीत, सकाळी नऊच्या उजेडात, मी तिच्या भांगाचा फोटो काढते. उजेड आणि अंतर तेच हवे, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. मग आम्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून भांडतो. मला फरक दिसतो, तिला दिसत नाही. गेल्या वेळी तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "वळ गं मावशी, तुझाही काढते."