घाम, धाप आणि दक्षिण ध्रुव

मे महिन्यातल्या वरातीत नवरदेवाचा घोडा नीट पाहा. नरडाण्याच्या उन्हात त्याची मान घामाने चिंब असते, पट्ट्याखाली पांढरा फेस येतो. तिथंच मांडवाच्या सावलीला कुत्रा जीभ काढून धापा टाकतो, पण त्याचं अंग कोरडं. दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीचा निम्मा निकाल याच फरकाने लागला, असं मला वाटतं.

नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन ५२ कुत्रे घेऊन निघाला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. ब्रिटिश कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ला पोचला आणि परतीच्या वाटेवर चार साथीदारांसह संपला. त्याच्याकडे थोडे कुत्रे, मोटारगाड्याही होत्या. पण मदार मांचुरियाच्या तट्टांवर. ओझं ओढताना तट्टाला घाम फुटतो आणि थांबताच तो अंगावर गोठतो. म्हणून थंडी ओसरेपर्यंत निघता येत नाही. खूर बर्फात रुततात, चारा सगळा सोबत वाहावा लागतो. कुत्र्याला सीलचं मांस चालतं, मारलेल्या कुत्र्याचंही चालतं. हे क्रूर गणित अमुंडसेनने आधीच मांडलं होतं. स्कॉटची तट्टं हिमनदीच्या पायथ्याशी संपली. पुढे माणसांनीच गाड्या ओढल्या, तेही अपुऱ्या अन्नावर.

या तट्टांची जबाबदारी कॅप्टन लॉरेन्स ओट्सकडे होती. तो महूच्या छावणीतला घोडदळाचा माणूस. नरडाण्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर, सेंधवा करत ज्या महूला पोचतो, तेच हे बाबासाहेबांचं जन्मगाव. तट्टं म्हातारी, खंगलेली आहेत हे ओट्सने पाहताच ओळखलं. खरेदीला मात्र त्याला पाठवलंच नव्हतं. फेब्रुवारी १९११ मध्ये परतीसाठीचा टनभर साठा ८० अंश अक्षांशावर ठेवायचा होता. तट्टं थकली. ओट्स म्हणाला, दुबळी मारा, पण साठा पुढे न्या. जनावरांचे हाल स्कॉटला पाहवेनात. साठा ५५ किलोमीटरहून अधिक अलीकडेच राहिला. वर्षभराने स्कॉटचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून जेमतेम २० किलोमीटरवर पडला.

परतीच्या वाटेवरची, मार्चमधली थंडी नेहमीपेक्षा कडक होती, हे स्कॉटच्या बाजूने सांगायलाच हवं. वाटेतल्या डब्यांत रॉकेलही कमी भरलं. झाकणाच्या चामडी वॉशरमधून ते उडून गेलं होतं. अमुंडसेनचे डबे झाळून बंद केलेले होते. तरीही साठा ठरल्या जागी असता, तर तो त्यांना त्या तंबूच्या आधीच लागला असता.

पुढच्या वर्षी हिंदुस्थानातली खेचरं आणा, ही सूचनाही ओट्सचीच. सात आली. गुलाब, राणी, बेगम, प्यारी, लाल खान, अब्दुल्ला, खान साहेब अशी त्यांची नावं. ही खेचरं घेऊन निघालेल्या शोधपथकाला १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. ओट्स त्यात नव्हता. पाय हिमदंशाने निकामी झाले होते. आपल्यापायी इतर अडकू नयेत म्हणून तो मार्चमध्येच वादळात बाहेर पडला होता. पथकाने आणखी दक्षिणेला जाऊन शोध घेतला. त्याची झोपायची पिशवी सापडली, तो मात्र नाही.